दाजींची कॉफी, पित्ताचं गाळप अन् रक्तातली चरबी

आमचे दाजी जन्मभर चहावाले. औशाकडं शेती, सकाळी रानात जाताना एक, आल्यावर एक, दारात कुणी टेकलं की एक, असं मोजायला गेलं तर दिवसाचे सात-आठ कप कुठंच गेले नाहीत. मागच्या वर्षी डॉक्टरांनी ॲसिडिटीपायी चहा कमी करा म्हणलं तर ह्यांनी चहा सोडून कॉफी धरली, म्हणजे आगीतून फुफाट्यात, पण ते असो. त्यात भाचा बंगळूरला आयटीत, तो दिवाळीला येताना काचेचं एक भांडं घेऊन आला, त्यात कॉफीची जाड पावडर टाकायची, गरम पाणी ओतायचं, चार मिनिटं थांबायचं अन् वरून दट्ट्या दाबायचा. फ्रेंच प्रेस म्हणतात त्याला. दाजींना ते खेळणं लई आवडलं. दिवसाला चार मग, बिनदुधाची बिनसाखरेची, अन् वर गावभर सांगायलेत की आपण आता एकदम हेल्दी झालोत.

तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२१ वरून १३९. रिपोर्ट घेऊन ते थेट माझ्या मेडिकलवर. "काय रे, दूध बंद, साखर बंद, तरी चरबी वाढली कशी? लॅबवाल्याचंच काहीतरी चुकलं असंल."

मी म्हणलं, दाजी, तुमच्या कॉफीत तेल आहे.

त्यांना वाटलं मी चेष्टा करायलोय. खरं सांगायचं तर बी.फार्मला असताना हे मला पण कुणी शिकवलं नव्हतं, नंतर वाचून कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण कॉफी, कोलेस्टेरॉल अन् अंगातली खनिजं (म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, लोह वगैरे) ह्यांचं गणित एकमेकांत गुंतलेलं आहे अन् काउंटरवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगून होत नाही.

तर कॉफीची बी ही शेवटी बी आहे, शेंगदाण्यासारखी, करडईसारखी. तेवढं नाही पण तिच्यात तेल असतंच, अरेबिका जातीत वजनाच्या साधारण १५ टक्के अन् रोबस्टात १० टक्क्यांच्या आसपास. ह्या तेलात कॅफेस्टॉल अन् काह्वेऑल नावाचे दोन पदार्थ असतात. कॅफीनचा अन् ह्यांचा काही संबंध नाही, नावं सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळतात. कॅफीननं झोप उडते, कॅफेस्टॉलनं कोलेस्टेरॉल चढतं. माणसाच्या खाण्यात कोलेस्टेरॉल वाढवणारे जे पदार्थ माहीत आहेत त्यात वजनामागं कॅफेस्टॉल सगळ्यात जोरदार समजतात. रोज १० मिलिग्रॅम पोटात गेलं तर एकूण कोलेस्टेरॉल साधारण ५ अंकांनी वर सरकतं. १० मिलिग्रॅम म्हणजे किती, तर चिमटीत पण धरता येणार नाही एवढं.

हे सापडलं कसं ते पण मजेशीर आहे. नॉर्वेच्या एकदम उत्तरेला ट्रोम्सो नावाचं शहर आहे, तिथल्या साडेचौदा हजारांच्या आसपास लोकांची तपासणी झाली अन् १९८३ साली निष्कर्ष छापून आला की जो जास्त कॉफी पितो त्याचं कोलेस्टेरॉल जास्त. गंमत अशी की दुसऱ्या देशांत तपासलं तर कुठं हे दिसायचं, कुठं दिसायचंच नाही. शेवटी लक्षात आलं की उत्तरेकडचे लोक कॉफी पातेल्यात उकळून वरचं पाणी तसंच पितात अन् बाकीचे कागदातून गाळून. कागद तेल धरून ठेवतो. आपण भजे कागदावर काढतो ते कशासाठी, त्याचसाठी. पुढं नेदरलँडच्या संशोधकांनी ते तेल वेगळं काढून माणसांना देऊन बघितलं अन् चोर हाच हे पक्कं झालं. नंतर तिकडं लोक हळूहळू उकळलेली सोडून गाळलेल्या कॉफीवर आले.

आता हे कॅफेस्टॉल आत जाऊन करतं काय. इथं मला आपल्याकडचा साखर कारखानाच आठवतो.

यकृत म्हणजे कारखाना समजा, कोलेस्टेरॉल म्हणजे ऊस. कारखाना ऊस गाळून साखर करतो तसं यकृत कोलेस्टेरॉल मोडून पित्तआम्ल बनवतं. हे पित्तआम्ल आतड्यात जातं, तिथं जेवणातलं तेल-तूप पचवायला मदत करतं, अन् काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ९५ टक्के परत शोषून यकृताकडं पाठवलं जातं. उरलेलं थोडं शौचावाटे जातं अन् जेवढं गेलं तेवढं यकृत नवीन कोलेस्टेरॉल गाळून भरून काढतं. आता कारखान्याला कळायला पाहिजे ना की गोदामात माल किती आहे, नायतर तो गाळतच सुटेल. म्हणून आतड्याच्या शेवटाला एक मुनीम बसवलाय, त्याचं शास्त्रीय नाव एफएक्सआर. पित्तआम्ल भरपूर आलं की मुनीम यकृताला निरोप धाडतो, माल पुष्कळ आहे, गाळप कमी करा.

कॅफेस्टॉल ह्या मुनिमाला फसवतं. गोदामात माल नसताना पण त्याला वाटतं माल आला, अन् तो तसाच निरोप धाडतो. यकृत गाळप मंद करतं. ऊस तर येतच राहतो. मग काय होणार, आपण दरवर्षी बघतोच की, कारखान्याबाहेर बैलगाड्या अन् ट्रॅक्टरच्या रांगा, नंबर लागत नाही, ऊस वाळायलाय. तसंच यकृताला कोलेस्टेरॉलची गरज उरत नाही म्हणून ते रक्तातून एलडीएल ओढून घ्यायचं कमी करतं अन् एलडीएल रस्त्यावरच, म्हणजे रक्तात, उभं राहतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संशोधकांनी २००७ मध्ये हा मुनिमाचा प्रकार उलगडून दाखवला.

आता इसबगोलचं काम बरोबर उलटं. ते पित्तआम्लाला आतड्यातच धरून शौचावाटे बाहेर काढतं, गोदाम रिकामं होतं, मुनीम म्हणतो माल नाही, अन् यकृत जोरात गाळप सुरू करतं, त्यासाठी रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. म्हणून रोज नियमानं इसबगोल घेणाऱ्याचं एलडीएल ५ ते १० टक्क्यांनी उतरताना दिसतं. आमच्याकडं लोक ते फक्त पोट साफ व्हायला नेतात.

कोणत्या कॉफीत किती, हा पुढचा प्रश्न. फ्रेंच प्रेस अन् उकळून न गाळलेली कॉफी सगळ्यात वाईट, एका कपात साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफेस्टॉल. एस्प्रेसो, म्हणजे मशीननं दाब देऊन काढलेली कडक कॉफी, मधली, पण तिचा कप एवढुसा असतो. कागदातून गाळलेल्या कॉफीत नावापुरतं. अन् आपली ती पुडीतली इन्स्टंट, नेसकॅफे म्हणा ब्रू म्हणा, तिच्यात पण अगदी कमी, कारण बनवतानाच तेल बरंचसं मागं राहतं. वर ब्रूसारख्या पुडीत चिकोरी असते, त्यात तर कॅफेस्टॉल पण नाही अन् कॅफीन पण नाही, ते एक मूळ आहे भाजलेलं. म्हणजे शहरातले कॉफीचे शौकीन ज्या पुडीला नाकं मुरडतात ती ह्या एका बाबतीत त्यांच्या महागड्या कॉफीपेक्षा बरी निघाली. लग्नात काउंटरवर फुस्स करून वाफ सोडणारं मशीन असतं ना, त्यात पण बहुतेक ठिकाणी इन्स्टंटच असते, वर चॉकलेट पावडर भुरभुरली की झाली एस्प्रेसो.

दक्षिणेकडच्या स्टीलच्या फिल्टरचं नाव फिल्टर असलं तरी त्याला भोकं असतात, कागद नाही, तेल बऱ्यापैकी खाली उतरतं. घरी सणासुदीला किंवा उपासाला जायफळ घालून कॉफी करतात तिचं पण तेच, इन्स्टंटची असली तर प्रश्न नाही, पण खरी पावडर दुधात खळखळ उकळून नुसती चहाच्या गाळणीतून ओतली तर ती उकळलेलीच कॉफी झाली. वर्षातून चार वेळा पिणाऱ्यानं ह्याची काळजी करू नये. ऑफिसातल्या मोठ्या मशीनबद्दल मात्र स्वीडनमध्ये २०२५ साली १४ मशीन तपासून दाखवलं की बऱ्याच मशीनची कॉफी कागदाच्या फिल्टरपेक्षा कितीतरी जास्त कॅफेस्टॉल सोडते. रोज फुकट मिळते म्हणून पाच-पाच कप पिणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

इथवर कॉफी. आता खनिजं.

सुरुवात कॅल्शियमपासून करू कारण ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावायची गरजच नाही. बोअरच्या पाण्यात साबण लावला तर फेस येतो का? नाही येत, बादलीत पांढरी चिकट साय तरंगते. ते काय असतं तर पाण्यातलं कॅल्शियम अन् मॅग्नेशियम साबणातल्या चरबीच्या आम्लाला धरतं अन् न विरघळणारा चोथा बनतो. अगदी हेच आतड्यात होतं. दूध, दही, तीळ, नाचणी ह्यातलं कॅल्शियम जेवणातल्या काही चरबीला, अन् थोडंफार पित्तआम्लाला पण, असंच धरून बाहेर काढतं. म्हणजे कॅल्शियमची चाल इसबगोलच्या बाजूची अन् कॅफेस्टॉलच्या विरुद्ध, फक्त जोर लई कमी. म्हणून मी त्याला औषध म्हणणार नाही.

अन् कुणी म्हणलं की मग दुधाची कॉफी प्यावी, दुधातलं कॅल्शियम कॉफीचं तेल धरून टाकंल, तर तसं होत नाही. कॅल्शियम आम्लाला धरतं, कॅफेस्टॉल आम्ल नाही. उलट म्हशीच्या दुधात ६-७ टक्के फॅट, एका मोठ्या कपात दीडशे मिली दूध गेलं तर १० ग्रॅमच्या आसपास फॅट गेली, त्यातली अर्ध्याहून जास्त संपृक्त, म्हणजे एलडीएल चढवणारीच. साय काढून वापरलं तर गोष्ट वेगळी. दुधाचा एक फायदा मात्र खरा, कॅफीननं लघवीवाटे थोडं कॅल्शियम जास्त जातं, ते भरून काढायला कपात दोन चमचे दूध पुरतं. तेवढ्याचसाठी आक्कांनी हाडं ठिसूळ होतील म्हणून घाबरायचं कारण नाही.

मॅग्नेशियम जरा खोलातलं प्रकरण आहे. यकृत कोलेस्टेरॉल नुसतं गाळत नाही, स्वतः बनवतं पण, अन् ते ज्या एन्झाइमनं बनतं त्यालाच कोलेस्टेरॉलच्या आपल्या रोजच्या स्टॅटिनच्या गोळ्या अडवतात. अंगाची स्वतःची पण एक ब्रेकची सोय आहे ह्या एन्झाइमला, अन् तो ब्रेक दाबायला मॅग्नेशियम लागतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार, ते मोडायच्या कामात पण मॅग्नेशियमचा हात आहे. ह्यावरून काही जणांनी मॅग्नेशियम म्हणजे निसर्गाचं स्टॅटिन असं लिहायला सुरुवात केली. पण गोळ्या देऊन झालेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत, कुठं फरक पडला, कुठं काहीच नाही. माझ्या मते ज्याच्या अंगात आधीच कमी आहे त्यालाच फायदा होत असावा, टाकी भरलेली असली तर वरून ओतून काय उपयोग.

कॉफीनं मॅग्नेशियम जातं असं पण ऐकायला मिळतं. जातं थोडं, लघवीवाटे. पण कपभर कॉफीतच ७ मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, येणं-जाणं बघता रडण्यासारखं नाही. खरा हिशोब ताटात आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १३० मिलिग्रॅमच्या पुढं मॅग्नेशियम, म्हणजे एका बऱ्यापैकी भाकरीतच ८० मिलिग्रॅम आलं. शेंगदाण्याची चटणी, तिळाची, जवसाची, तुरीचं वरण, सगळ्यात आहे. आपले आजे-पंजे हेच खात होते अन् त्यांना ट्रायग्लिसराइड हा शब्द माहीत नव्हता. (लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पण कुणी काढत नव्हतं म्हणा, त्यामुळं ह्या युक्तिवादात मला फार जोर दिसत नाही, पण भाकरीतलं मॅग्नेशियम खरं आहे.)

बोअरच्या जड पाण्यावर पण एक जुना वाद आहे. १९५७ मध्ये जपानच्या कोबायाशींनी नद्यांचं पाणी अन् पक्षाघाताचे मृत्यू ह्यांचा संबंध जोडला, मग १९६० मध्ये अमेरिकेत श्रोडर नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं की जिथलं पाणी जड तिथं हृदयरोगाचे मृत्यू कमी. पुढं बऱ्याच ठिकाणी तपासलं, मॅग्नेशियमच्या बाजूनं थोडा कौल आहे, पण ठाम नाही. एवढं खरं की आरओ लावला की कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही बहुतेक निघून जातं. म्हणून क्षाराचं पाणीच प्या असं मी म्हणणार नाही, आपल्याकडं कितीतरी गावात बोअरला फ्लोराइड अन् नायट्रेट पण येतं, ते नको.

झिंकवर जरा थांबतो, कारण इथं मी लोकांना नुकसान करून घेताना डोळ्यांनी बघितलंय. कोरोनात सगळ्यांनी झिंकच्या गोळ्या खाल्ल्या, ते ठीक, काही दिवसांचं होतं. पण काही गिऱ्हाइकं अजून नेतात, दोन-दोन वर्षं झाली, ताकद येते म्हणून. अमेरिकेतले लेस्ली क्लेवे नावाचे शास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून सांगत होते की झिंक अन् तांबं ह्यांचा तोल बिघडून झिंक वरचढ झालं की कोलेस्टेरॉल चढतं, कारण आतड्यात झिंक जास्त झालं की तांब्याला वाट मिळत नाही, अन् तांबं कमी पडलं की यकृताचं चरबीचं काम बिघडतं. त्यांनी हे उंदरांवर दाखवलं. मग १९८० मध्ये १२ धडधाकट पुरुषांना पाच आठवडे रोज १६० मिलिग्रॅम झिंक दिलं तर त्यांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, २५ टक्क्यांनी खाली आलं. एवढा मोठा डोस इथं कुणी घेत नाही हे मान्य, पण वर्षानुवर्षं विनाकारण घेणाऱ्याला मी आता विचारतोच, डॉक्टरांनी सांगितलंय का.

उंदरांचं नाव निघालंच आहे तर अजून एक. कॉफी अन् खनिजं एकत्र देऊन जे प्रयोग झाले त्यातले बरेच उंदीर-घुशींवरचे. पण ह्या प्रयोगाच्या पांढऱ्या घुशीला पित्ताशयच नसतं, अन् कॅफेस्टॉलचा तिच्यावर माणसासारखा परिणाम होत नाही. म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर असलं काही पाठवलं तर आधी बघावं, प्रयोग कुणावर झालाय.

राहिलं लोह. चरबीशी ह्याचा संबंध बाकीच्यांपेक्षा पातळ आहे, पण कॉफी कुठल्या खनिजाला सगळ्यात जास्त नडत असंल तर लोहाला. कॉफीतली क्लोरोजेनिक ॲसिडसारखी द्रव्यं लोहाला आतड्यात धरून ठेवतात, वर येऊच देत नाहीत. १९८३ मध्येच एक प्रयोग झाला, जेवणासोबत कपभर कॉफी घेतली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहानं ६४ टक्क्यांनी, म्हणजे चहावाल्यांनी हसू नये. त्यातली खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे, जेवणाच्या तासभर आधी कॉफी घेतली तर काहीच फरक पडला नाही, अन् जेवल्यावर तासानं घेतली तर सोबत घेतल्याएवढंच नुकसान. आपल्याकडं जेवलं की लगेच कप पुढं येतो, तो नेमका चुकीच्या वेळी येतो.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांना ॲनिमिया आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी २०१८ मध्ये आणली, तिच्यात साध्या ज्वारीपेक्षा लोह अन् झिंक दोन्ही जास्त, लोह किलोला ४५ मिलिग्रॅमपर्यंत, साधीत ३० च्या आसपास. शास्त्रज्ञांनी एवढ्या वर्षांची मेहनत करून १५ मिलिग्रॅम वाढवलं अन् आपण भाकरीवर चहा-कॉफी ओतून ते परत काढून टाकायलोत. भाकरीसोबत लिंबू पिळा, कांदा-टोमॅटो खा, क जीवनसत्त्वानं लोह सुटं होतं. अन् लोहाची गोळी किंवा थायरॉईडची गोळी कॉफीसोबत घेणाऱ्यांनो, पाण्यासोबत घ्या, मी रोज दहा जणांना सांगतो अन् दहा जण मान हलवून जातात.

परत चरबीवर येतो. कॉफीच्या १२ प्रयोगांचा हिशोब एकत्र मांडला गेला होता २०१२ साली, सरासरी दीड महिना कॉफी पिऊन एलडीएल ५.४ नं अन् ट्रायग्लिसराइड्स १२.६ नं वाढले, तेही मुख्यतः न गाळलेल्या कॉफीनं. म्हणजे आकडा दखल घेण्यासारखा आहे, घाबरून जाण्यासारखा नाही. आपल्या भागात कॉफीपेक्षा कॉफीसोबतचं जास्त नडतं, तीन चमचे साखर, वर डालड्यातली खारी, टोस्ट. साखरेनं ट्रायग्लिसराइड लवकर चढतं. अन् उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं असलं तर "फक्त चहाच घेतला हो" म्हणून लॅबमध्ये जाऊ नका, दुधा-साखरेचा चहा-कॉफी म्हणजे नाश्ताच झाला.

दाजींना मी एवढं सगळं सांगितलं नाही, ऊस अन् मुनिमापर्यंतच आलो होतो तर म्हणले, "म्हणजे माझ्या कारखान्याला त्या पोरानं कुलूप लावलं की." हिशोब केला, चार मग, प्रत्येकी चारेक मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १६, त्यानं आठेक अंक वाढू शकतात. एलडीएल तर अठरानं वाढलं होतं. मग बाकीचे दहा कुठले? आक्कांना फोन लावला तर कळलं की दिवाळीचे शंकरपाळे संक्रांतीपर्यंत पुरले अन् रात्री झोपताना वाटीभर सायीचं दूध चालूच होतं, ते दाजींच्या हिशोबात 'दूध बंद' मध्ये धरलेलंच नव्हतं.

फ्रेंच प्रेस काही त्यांनी टाकलं नाही. भाच्यानं कागदाचे फिल्टर पाठवले, आता आधी प्रेस दाबतात अन् मग कागदातून गाळतात, लई वेळ लागतो, शेजारचे लोक बघायला येतात. दिवसाला दोनच मग. कॅफेस्टॉलचा परिणाम ते बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरतो, म्हणून दोन महिन्यांनी परत रक्त द्यायला लावलं. १२५ आलं. सायीच्या दुधाचं मी विचारलं तर म्हणले, "आता सगळंच सोडू का रे?"